शर्यतीसाठी जुनी जावा

जावा २५० चे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि २४८.५ सीसीचे, बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. स्ट्रोक इतका लांब असल्याने मिनिटाला ६,००० फेऱ्यांवरच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या यामाहा आरएक्स १०० ला त्याच वेगासाठी ९,००० फेरे लागतात. त्यामुळे जावाकडून तेवढे चढे फेरे मागितले तर कनेक्टिंग रॉड आणि क्रँकचे बेअरिंग आधी जाते. तिची मर्यादा ओळखून केलेली तयारीच शर्यतीत शेवटपर्यंत टिकते.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये ही गाडी बनवायला सुरुवात केली, १९७३ पासून ती येझदी नावाने विकली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, शोलावरमला महायुद्धकाळातली विमानांची धावपट्टी होती. तिथल्या शर्यतींत या गाड्या पळत. १९९० मध्ये त्याच शहराजवळ इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक तयार झाला.

शर्यतीच्या तयारीचे काम क्रँकपासून सुरू होते. तो डायल गेजवर फिरवून मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सरळ करतात, आणि क्रँककेसची सगळी सील बदलतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच मिश्रण ढकलणारा पंप असतो. जुन्या सीलमधून हवा आत आली की मिश्रण पातळ पडते. मग रिबोर. सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा, म्हणून तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. दोघांमधली फट कमी ठेवली तर तो जाम होतो, जास्त ठेवली तर खडखडतो.

खरी कला पोर्टमध्ये आहे. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड थोडी घासली की वरच्या फेऱ्यांना ताकद वाढते, खालची मात्र जाते. आणि घासलेले बीड परत येत नाही. या पोर्टला जोडलेल्या, बाहेर फुगणाऱ्या व पुन्हा निमुळत्या होणाऱ्या सायलेन्सरचे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पक्के केले: परतलेली दाबलहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे लोटते. लहर वेळेवर पोचली तरच फायदा, म्हणून नळ्यांची लांबी फेऱ्यांच्या हिशेबाने ठरते.

कार्बोरेटर मात्र आपल्या गावात जुळवून भागत नाही. उदाहरणार्थ, जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. तिथली हवा चेन्नईपेक्षा साधारण ५ टक्के विरळ, मे महिन्यातल्या चाळिशीपार उन्हात आणखी विरळ. जालन्यात नेमका जुळलेला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, चेन्नईच्या दाट हवेत लहान पडतो. पेट्रोल कमी पडते, त्यात मिसळलेले ऑइलही कमी जाते आणि पिस्टन सीज होतो. म्हणून ट्रॅकवर मोठ्या जेटने सुरुवात करून एकेक पायरी खाली उतरतात. पूर्ण थ्रॉटलवर पळवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करतात आणि प्लग पाहतात: विटकरी रंग चांगला, पांढरा धोक्याचा.

ऑइलचे ड्रेन बोल्ट भोक पाडून तारेने बांधतात, कारण ट्रॅकवर सांडलेले ऑइल मागच्या स्वाराला पाडते. ब्रेक ड्रमचेच राहतात. आयल ऑफ मॅनवर २०१३ ते २०१९ या काळात सुमारे ६० किलोमीटरच्या रस्त्यावर क्लासिक टीटी ही जुन्या गाड्यांची शर्यत भरत असे. तिथल्यासारख्या स्पर्धांत गाडीचा काळ जपणे हीच अट असते. ड्रम तापला की पकड सुटू लागते. म्हणून स्वार वळणाआधी लवकर ब्रेक लावतो आणि फेरे ताकदीच्या अरुंद पट्ट्यात धरून वळणातून बाहेर पडतो. शर्यत संपल्यावर हेड उघडून बोअर पुन्हा मोजतात.