शिंपल्यांचा हिशेब आणि तर्क

‘माझा आपला एक तर्क’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा अंदाज असतो. न्यायशास्त्राला अभिप्रेत असलेला तर्क ह्याहून पुष्कळच कडक. इंग्रजीत त्या पायरीपायरीने चालणाऱ्या विचाराला ‘रॅशिओसिनेशन’ असा एक भारदस्त शब्द आहे. तो लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रॅशिओ’ ह्या शब्दाचा मूळचा अर्थ मोजदाद, जमाखर्चाचा हिशेब. कारण, बुद्धी, विवेक हे अर्थ त्यावर मागाहून चढले. सिसेरोने ‘रॅशिओसिनाशिओ’ हा शब्द अनुमानासाठी योजिला. 1655 साली हॉब्जने तर विचार करणे म्हणजे बेरीज-वजाबाकी करणे होय, असे सरळच मांडले. मराठी कानाला हे परके वाटू नये. आपणही एखाद्याला मित्रांत ‘गणतो’, आणि संस्कृतातील ‘संख्या’ शब्दाला गणनेइतकाच विचाराचाही अर्थ आहे.

पण हिशेब बिनचूक झाला म्हणजे विचार झाला काय?

मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात, आजच्या हवामान केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1792 साली तेथे वेधशाळा बांधली, तेव्हा तारे टिपण्याचे यंत्र ह्या खांबावर बसविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे जॉन वॉरन तिचा कारभार पाहत होता. पुढे हिंदूंच्या कालगणनेचा त्याला छंदच जडला आणि 1825 साली त्याचा ‘काल संकलित’ हा ग्रंथ मद्रासेत छापून निघाला.

त्याच वर्षीच्या 31 मेच्या रात्री चंद्रग्रहण होते. पाँडिचेरीच्या एका तमिळ पंचांगकर्त्याने त्याची वेळ वॉरनला काढून दाखविली. त्याच्यापुढे पाटी नव्हती, कागदही नव्हता. जमिनीवर शिंपले मांडायचे, उचलायचे, पुन्हा मांडायचे. लागणारी कोष्टके सारी मुखोद्गत. ग्रहणाचा आरंभ अवघ्या 4 मिनिटांनी चुकला. मध्य 23 मिनिटांनी, शेवट मात्र 52 मिनिटांनी. गंमत अशी की, आकडेमोडीला इंग्रजीत ‘कॅल्क्युलेशन’ म्हणतात, त्यातील लॅटिन ‘कॅल्क्युलस’चा अर्थही मोजण्याचा खडा असाच आहे.

वॉरनच्या मते ह्या गृहस्थाला ज्योतिषाच्या सिद्धांताचा गंधही नव्हता. होती ती विलक्षण स्मरणशक्ती. म्हणजे ‘रॅशिओ’चा पहिला अर्थ त्याच्या बोटांत होता, दुसरा नव्हता. त्याला हसण्याचे मात्र कारण नाही. लॉगरिथमची कोष्टके उघडणारा विद्यार्थी तरी ती कशी सिद्ध झाली हे कोठे विचारतो?

वॉरनने ती रीत टिपून ठेविली हे फार चांगले केले. 1952 साली ऑटो न्यूगेबावर ह्या गणितेतिहासकाराने ती तपासली, तेव्हा चंद्राच्या 248 दिवसांच्या आवर्तनाचा धागा धरून तो बॅबिलोनी गणितापर्यंत पोचला. त्या शिंपल्यांमागचा तर्क कोणीतरी, कधीतरी, पूर्ण केलेला होता.