पिस्टन काय सांगतो? जाम झालेल्या चेतकचं निदान

आबिड्सच्या जुन्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये फिरून पाहा. एखाद्या कोपऱ्यात बजाज चेतक अजून स्टँडवर उभी दिसेल. सीटवर धूळ, टायर बसलेले. मालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "इंजिन गेलंय." पण इंजिन 'जातं' म्हणजे नक्की काय होतं? आणि ते घरच्या घरी परत आणता येतं का?

येतं. बरंचसं काम घरी होतं, थोडं लेथवाल्याकडे. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : इंजिन का गेलं? हा प्रश्न टाळून नवा पिस्टन बसवला, तर तोही जुन्याच्या मागे जातो.

इंजिन समजून घेऊ

चेतक 1972 साली बाजारात आली. तिचं इंजिन 145 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर आणि पिस्टनची धावही 57 मिलिमीटर. यात कॅमशाफ्ट नाही, वरखाली होणारे व्हॉल्व्ह नाहीत, ऑइल पंपही नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट हेच मुख्य हलणारे भाग.

टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण थेट पिस्टनच्या वर जात नाही. ते आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर चढतं. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण 20 मिलिलिटर. म्हणजे इंधनही त्याच प्रवाहातून आणि वंगणही. या प्रवाहात कुठूनही जास्तीची हवा शिरली किंवा जेटमध्ये कचरा अडकला, की मिश्रण 'पातळ' होतं. पेट्रोल कमी, त्यामुळे तेलही कमी, आणि उष्णता जास्त. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि शेवटी त्यात अडकतो. आपल्याकडचे मेकॅनिक दखनीत म्हणतात, "इंजन पकड लिया."

न उघडता तपासणी

किक बसत नसेल तर त्यावर उभं राहून जोर लावू नका. प्लग काढा, भोकातून थोडं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी वरचा गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे करा. पुष्कळदा इंजिन सुटतं. पण सुटलं म्हणजे बरं झालं असं नाही. तसंच चालवलं तर ओरखडे वाढतात.

काढलेला प्लग नीट बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण ठीक होतं. पांढुरकं असेल तर इंजिन गरम चालत होतं. काळं-ओलं असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. आणि टोकावर चंदेरी बारीक मणी दिसले, तर पिस्टन वितळू लागला होता. मग हेड उघडल्याशिवाय पर्याय नाही.

पिस्टन वाचायला शिका

हेड आणि सिलिंडर काढला की पिस्टन पुसायची घाई नको. आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. खुणा अशा वाचायच्या :

• चार ठिकाणी उभे ओरखडे : पिस्टन सगळीकडून फुगला. थंड इंजिन एकदम जोरात पळवलं, किंवा नवीन पिस्टन फार घट्ट बसवला होता.

• फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे : तिथे उष्णता सगळ्यात जास्त. तेल कमी पडलं, किंवा मिश्रण पातळ होतं.

• माथ्यावर वितळलेला खड्डा किंवा भोक : ठिणगी वेळेआधी पडतेय, चुकीचा प्लग आहे, किंवा मिश्रण फारच पातळ होतं.

• सगळीकडे समान, मळकट झीज : एअर फिल्टरमधून धूळ आत गेली.

चेतकला थंड करतो तो फ्लायव्हीलचा पंखा. सिलिंडरवरचं पत्र्याचं झाकण नसेल किंवा पंखांमध्ये चिखल वाळला असेल, तर वारा पोचत नाही. हे बघायला एक पैसा लागत नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या चेतकला एका मेकॅनिकने नवा पिस्टन बसवून दिला. दोन महिन्यांत तो पुन्हा अडकला. खुणा एक्झॉस्टच्या बाजूलाच, दोन्ही वेळा. खरा दोष होता क्रँकशाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या ऑइल सीलमध्ये. रबर कडक झालं होतं आणि तिथून हवा ओढली जात होती. त्याची खूण काकांना आधीपासून माहीत होती : थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नसे. क्लचकडचं सील गेलं तर वेगळी खूण दिसते. गिअर ऑइल कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो.

घरी काय, लेथवर काय

खोलणं, रॉकेलने धुणं, कार्बन खरवडणं, जेट साफ करणं, सगळं जोडणं ही कामं घरची. पार्किंगमध्ये पेट्रोलने भाग धुऊ नका. वाफ जमिनीलगत साठते आणि एक ठिणगी पुरते.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. किंचितही खेळ जाणवला तर खालचं बेअरिंग गेलंय. बाजूला थोडा हलला तर चालतं. क्रँक उघडून रॉड बदलायला प्रेस लागतो, मग तो सरळ आहे का हे मोजावं लागतं. ते काम घरी करू नये.

बोअरिंगही तसंच. इथे क्रम महत्त्वाचा : आधी मोठ्या मापाचा पिस्टन विकत घ्या, मग तो लेथवाल्याच्या हातात द्या. तो पिस्टन मोजून त्या मापाचा बोअर करतो. टँकबंडच्या पलीकडे राणीगंजला सुटे भाग शोधता येतात, पण जुना पिस्टन सोबत न्या. मोठी मापं ठराविकच असतात. प्रत्येक चुकीच्या निदानामागे सिलिंडरचं एक माप कायमचं संपतं, आणि शेवटचं माप संपलं की सिलिंडर भंगारात.

जोडताना

नवी रिंग आधी नुसत्या सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. या मापाला साधारण 0.20 ते 0.35 मिलिमीटर फट चालते. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची टोकं खाचेतल्या छोट्या पिनवर यायला हवीत, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. पिनचे लॉक दरवेळी नवे घाला आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. हेडचे नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

पहिले पाचशे-एक किलोमीटर सांभाळून चालवा. एकाच वेगाने लांब जाऊ नका, चढावर ओढू नका.

टू-स्ट्रोक इंजिन थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर टाकतं. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ही इंजिनं रस्त्यावरून कमी झाली, हे योग्यच झालं. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणीही नव्याने करावी लागते. म्हणून रोज पळवण्यासाठी नाही, पण इंजिन शिकण्यासाठी चेतकसारखा गुरू नाही. तुमच्या पार्किंगमध्ये एखादी उभी असेल तर मालकांची परवानगी घ्या आणि सुरुवात प्लग काढून करा. पाना लागतो एकच.