सेकंडहँड शिडीचा बंब घेताना

जुनी बाइक घ्यायची म्हटलं की आपण किती किलोमीटर झालेत ते बघतो, किक मारून इंजिनचा आवाज ऐकतो. पण घ्यायचा असेल शंभर फुटी शिडीवाला आगीचा बंब, तर? हसू नका, अमेरिकेतली छोटी गावं तो खरंच सेकंडहँड घेतात. तिथले निम्म्याहून जास्त फायरमन व्हॉलंटियर आहेत आणि असा नवा बंब दहा लाख डॉलरच्या वर जातो. गावाला कुठून परवडणार? एनएफपीए ही तिथली स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था. १५ वर्षांनंतर बंब रिझर्व्हमध्ये ठेवावा असा तिचा सल्ला आहे. त्यामुळे शहरं जुने बंब विकायला काढतात.

रंग चकाचक, इंजिन मस्त. पण खरी गोम शिडीत असते.

एसओएमचा कॅन्टिलिव्हर आठवा. (कोण झोपलं होतं ते विचारत नाही!) शिडी आडवी ३० मीटर बाहेर काढली आणि टोकाला सूट-सिलिंडरसकट एक माणूस, म्हणजे २५० पाउंड किंवा ११३ किलो, उभा राहिला, तर मुळाशी सुमारे ३३ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. शिडीचं स्वतःचं वजन वेगळंच. तीच शिडी ७५ अंशांवर उभी केली की हा मोमेंट जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. म्हणून अंगणात सरळ उभी करून दाखवलेल्या शिडीवर भाळू नये.

अॅल्युमिनियमची शिडी असेल तर जास्तच जपायला हवं. या मिश्रधातूची ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते. आगीत तो जास्त तापला की ती ताकद कायमची जाते, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही! लोखंडासारखा तो लालही होत नाही. म्हणून शिडीवर हीट सेन्सरचे स्टिकर लावतात, साधारण १५० अंश सेल्सियसला त्यांचा रंग बदलतो. रंग बदललेला असेल किंवा स्टिकरच गायब असेल, तर हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटी मोजायची. तापून कमजोर झालेल्या ठिकाणी हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटी जास्त येते.

स्टीलचं दुखणं निराळं. पोकळ नळ्यांत पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग शेवटपर्यंत छान! तिथे अल्ट्रासॉनिकने जाडी मोजतात, वेल्डच्या चिरा मॅग्नेटिक पार्टिकलने शोधतात. तोडफोड न करता होणारी ही तपासणी, म्हणजे एनडीटी, दर पाच वर्षांनी करायची असते. हायड्रॉलिक्सचं सोपं आहे: शिडी लोडसकट उभी करून इंजिन बंद करायचं आणि ती किती खाली सरकते ते मोजायचं.

अजून एक, बंब आपल्या स्टेशनच्या दारातून आत जातो का आणि गावातला पूल त्याचं वजन पेलतो का, हेही आधीच बघायचं.

विकणाऱ्याकडे शेवटचा एनडीटी रिपोर्ट मागायचा. 'सापडत नाही' म्हणाला तर करारातच लिहून घ्यायचं, की तिसऱ्याच टेस्टिंगवाल्याकडून शिडी तपासून घेणार आणि पास झाली तरच पैसे देणार.