नवं तंत्र आधी आपल्याच रानात तपासा 🌱

सोयाबीन बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर) घ्यावं की नेहमीसारखं सपाट पेरावं? याचं खरं उत्तर आपल्याच वावरात मिळतं. कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्यांसोबत हेच काम करतात, त्याला प्रक्षेत्र चाचणी म्हणतात. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झालं.

चाचणी घ्यायची कशी?

✅ एकाच वावराचे दोन भाग करा: एकात रुंद वरंबा-सरी, दुसऱ्यात नेहमीची पेरणी.
✅ वाण, खत, फवारणी, पेरणीचा दिवस सारखाच ठेवा.
✅ जोराच्या पावसानंतर सऱ्यांतून पाणी निघतं का, पावसाचा खंड पडल्यावर कुठलं पीक आधी सुकतं, ते वहीत टिपा.
✅ बांधालगतच्या ओळी सोडून दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा काढा, मळा, तोला. वजनाला ४० ने गुणलं की एकरी उतारा.
✅ बियाणं, मजुरी, ट्रॅक्टरभाडं वजा करूनच नफा मोजा.

एकाच रानावरून निकाल देऊ नका. हलक्या आणि भारी, दोन्ही जमिनींवर चार-पाच जणांनी मिळून चाचणी घ्या. शास्त्रज्ञांनाही शेतकऱ्याची ही वही मोलाची असते. यंदा पेरणीआधी जवळच्या केंद्रात जाऊन विषय काढाच!