मतदानाच्या दिवसाचे पूर्वनियोजन

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गौतमाबाई होळकरांचे नाव धारण करणारे नगर. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या हिंगोट युद्धासाठी तेथील तरुण कितीतरी आधीपासून हिंगोटाची फळे पोखरून, त्यांत दारू भरून सिद्ध असतात. मतदानासही पूर्वतयारी लागते, हे मात्र अनेकांच्या ध्यानी येत नाही.

इंदूर लोकसभा मतदारसंघात १३ मे २०२४ रोजी मतदान झाले. वार सोमवार, वैशाखाचे ऊन, अक्षय्य तृतीया होऊन तीनच दिवस लोटलेले. अशा दिवशी ‘सवडीने जाऊ’ म्हणणाऱ्यास सवड सहसा सापडत नाही. आपले केंद्र कोणते, किती वाजता निघावयाचे, घरी लहान मुलांजवळ कोण थांबणार, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे. उन्हापूर्वी मतदान उरकणे सर्वांत सोयीचे. नोकरदारास त्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ब मध्ये आहे. तिची आठवण मालकास वेळीच द्यावी.

परंतु या साऱ्याआधी मतदारयादी पाहावी. ओळखपत्र पेटीत जपून ठेवले म्हणजे यादीत नाव असतेच, असे नव्हे. आणि नाव नसेल तर केंद्रावर कोणीही काही करू शकत नाही. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, वास्तव्य बदलले असल्यास नमुना ८ भरावा. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मतदान केंद्रावर उशिरा पोहोचलात, तरी मतदान संपण्याच्या वेळेपूर्वी रांगेत उभे असल्यास मत देता येते.