अननस घरीच कापा : पायनॅपल कटर कसा वापरायचा

गाडीवरचा कापलेला अननस आपल्याकडे सगळेच आवडीने खातात. वर मीठ-तिखट भुरभुरले की पोरे तर तुटून पडतात. पण अख्खा अननस विकत घेऊन घरी आणणारी घरे वस्तीत थोडीच सापडतील. कारण विचारले तर आपल्या माता-भगिनी एकच सांगतात, "तो सोलत कोण बसणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. केळे, पेरू, पपई यांना फार खटाटोप नाही. अननसाची पाने मात्र काटेरी, साल खरबरीत, सालीखाली काळे डोळे आणि मधोमध लाकडासारखा दांडा. विळीवर तो नीट बसत नाही. सुरीने सोलायला घेतला तर रस कोपरापर्यंत ओघळतो आणि बोटे चरचरायला लागतात.

हे काम सोपे करणारे एक साधे हत्यार आता भांड्यांच्या दुकानात मिळते, मोबाईलवरूनही मागवता येते. दुकानदार त्याला पायनॅपल कटर म्हणतात. त्याला वीज लागत नाही. मध्ये एक पोकळ नळी असते, नळीच्या खालच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, नळीभोवती मळसूत्रासारखे फिरणारे एक पाते असते आणि वर धरायला मूठ. अननसाच्या आत हे फिरवत नेले की नळी मधला दांडा वेगळा करते, पाते गर कापत जाते आणि साल बाहेर डब्यासारखी उभी राहते. सवय झाली की दोन-तीन मिनिटांत एक अननस होतो.

आरोग्याच्या पानावर हत्याराची माहिती कशाला, असे कोणी विचारील. कारण आहे. फळ अख्खे असते तोवर साल त्याचे रक्षण करते. एकदा सोलले की ओला, गोड गर उघडा पडतो. गाडीवर तो तासन् तास माश्यांखाली राहतो. विक्रेता एकाच सुरीने दिवसभर कापतो, ती एकाच बादलीत बुडवतो, वर मारलेले पाणी किंवा खाली ठेवलेला बर्फ कुठल्या पाण्याचा ते त्यालाही माहीत नसते. यात विक्रेत्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या गाडीजवळ नळ नाही, हात धुवायला जागा नाही. पण जुलाब, टायफॉइड आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ या मार्गाने घरात येते, आणि वस्तीतल्या घरात एकजण कावीळ होऊन पडला की त्याची रोजंदारी बुडते, दवाखान्याचा खर्च वेगळा. तेच फळ अख्खे आणून घरी स्वच्छ कापले तर हा धोका बराचसा टळतो.

आता अननस निवडायचा कसा ते पाहू. आंबा-केळ्याप्रमाणे अननस घरी ठेवून गोड होत नाही. झाडावरून तोडताना जेवढी साखर उतरली असेल तेवढीच. घरी ठेवला तर साल पिवळी होते, थोडा मऊ पडतो, पण आंबट अननसाचा गोड अननस होत नाही. म्हणून घेतानाच बुडाशी नाक लावून वास घ्यावा. गोडसर वास आला, बुडाकडून पिवळेपणा वर चढलेला दिसला आणि फळ आकाराच्या मानाने जड लागले तर घ्यावा. आंबूस, दारूसारखा वास येत असेल किंवा बोट दाबताच आत जात असेल तर तो उतरलेला आहे, स्वस्त दिला तरी नको. आपल्या बाजारात येणारा बराचसा अननस केरळातून येतो. तिथल्या एर्नाकुलम जिल्ह्यातले वाळक्कुळम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या अननसाला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुळात मात्र हे फळ आपल्या देशातले नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते भारतात आणले, आणि 'अननस' हे नावही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून फळाबरोबरच आले.

कटरसाठी निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती दुकानदार सांगत नाही. पाते ठरावीक रुंदीचे असते, अननस मात्र लहान-मोठे असतात. फळ बारीक असेल तर पाते सालीत घुसते आणि चकतीला साल-डोळे चिकटून येतात. फळ फार जाड असेल तर सालीच्या आत पुष्कळ गर तसाच राहतो. म्हणून आपल्या कटरचे पाते किती बोटे रुंद आहे ते एकदा मोजून ठेवा. त्याच्यापेक्षा दोन बोटे जाड अननस घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक बोट साल सुटते. तेवढे जुळले की काम चोख होते.

कापण्याआधी अननस धुवायचाच. "साल तर काढून टाकायची, मग धुवायची कशाला?" असे बऱ्याच जणी म्हणतात. पण सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर, पात्याबरोबर सरळ गरात जातात. वाहत्या पाण्याखाली, नाहीतर तांब्याने पाणी ओतत, डोळ्यांच्या खाचांतून जुना ब्रश फिरवून धुवा. शेवटचे पाणी पिण्याचे असावे. साबण लावू नये. कटर, सुरी, परात आणि आपले हात मात्र साबणाने धुऊन घ्या.

मग अननस परातीत आडवा ठेवून पानांच्या तुऱ्यासकट वरची बोटभर जाड चकती सुरीने कापा. आत पिवळा गर आणि मधोमध फिकट रंगाचा गोल दिसला पाहिजे. तो गोल म्हणजे दांडा. बूड कापू नका. बूड शाबूत असले की फळ सरळ उभे राहते आणि रस सालीतच साठतो. परातीखाली ओले फडके घातले तर ती सरकत नाही. अननस उभा करा आणि कटर बाहेरून त्याच्या शेजारी धरून बघा, मूठ कुठपर्यंत खाली आली म्हणजे बूड जवळ आले याचा अंदाज येतो. काही कटरच्या नळीवर खुणाही असतात.

नळी बरोबर दांड्याच्या गोलावर टेकवा. एका हाताने फडक्यात अननस घट्ट धरा, दुसऱ्या हाताने मूठ थोडी दाबून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. पाते एकदा गरात शिरले की फार जोर लावावा लागत नाही, स्क्रूसारखे ते स्वतःच खाली उतरते. कटर तिरका होऊ द्यायचा नाही, तिरका झाला की एका बाजूला साल कापली जाते. बूड बोटभर राहिले की थांबा. पुढे फिरवत गेलात तर बुडाला भोक पडून सगळा रस परातीत येतो.

बाहेर काढताना बऱ्याच जणांचे चुकते ते इथे. उलटा फिरवू नका. उलटा फिरवला की कटर एकटाच वर येतो आणि कापलेला गर आतच राहतो. मूठ धरून सरळ वर ओढा, सावकाश. आत हवा नसल्याने तो अडकल्यासारखा वाटतो. जरासा इकडे-तिकडे हलवला की आवाज करून सुटतो आणि गराची लांबलचक लड कटरबरोबर वर येते. मुठीच्या दोन बाजूंची बटणे दाबली की मूठ निघते, लड घसरवून ताटात काढता येते. लडीवर एक उभा काप दिला की चकत्या सुट्या होतात. नळीत अडकलेला दांडा लाटण्याच्या टोकाने ढकलून काढा, बोट घालू नका. त्या दात्यांनी बोट कापले जाते.

फळ कच्चे असेल तर कटर फिरता फिरत नाही, आणि हलक्या प्लॅस्टिकच्या मुठीचा तुकडा पडतो. फार पिकलेले असेल तर लड मध्येच तुटते. अशा वेळी सरळ सुरीच घ्यावी. अननसाचे डोळे तिरप्या ओळीत असतात, साल पातळ काढून त्या ओळीने तिरप्या खाचा मारल्या तर गर कमी वाया जातो. गाडीवरचे विक्रेते तसेच कापतात, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या हाताइतका काटकसरीने कुठलाही कटर कापत नाही. सुरीनेही दीड किलोच्या अननसातून खाण्याजोगा गर साधारण पाऊण किलोच निघतो. कटरने आणखी कमी. म्हणून सालीच्या आत राहिलेला गर चमच्याने खरवडून घ्यायला विसरू नका. तो शिऱ्यात किंवा चटणीत जातो.

आता चरचरण्याविषयी. अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते, ते प्रथिने तोडते. आपली जीभ आणि कातडी प्रथिनांचीच, म्हणून जास्त खाल्ला की जीभ सोलल्यासारखी होते. ती आपोआप बरी होते, घाबरण्याचे कारण नाही. चकत्या पिण्याच्या पाण्यात मीठ घालून पाच मिनिटे ठेवल्या तर त्रास कमी जाणवतो. पण ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर ती चरचर नव्हे, ॲलर्जी आहे. लगेच दवाखाना गाठावा.

ब्रोमेलेन दुधातली प्रथिनेही तोडते. त्यामुळे ताजा अननस दुधात घातला की दूध फाटते, नाहीतर कडू होते. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीत कोणी हौसेने ताजे तुकडे टाकले तर पातेलेभर खीर वाया जाईल. तुकडे आधी थोड्या पाण्यात चांगले उकळून घेतले तर हे द्रव्य नष्ट होते. शिऱ्यात अननस शिजतो म्हणून तिथे काही बिघडत नाही. याच गुणाचा फायदाही घेता येतो. दांड्यात ब्रोमेलेन भरपूर असते. दांडा फेकू नका, किसून ठेवा. चिवट मटणाला चमचा-दोन चमचे कीस चोळून अर्धा तास ठेवले तर ते लवकर शिजते आणि गॅस वाचतो. त्याहून जास्त वेळ ठेवले तर मटणाचा लगदा होतो.

पण अननस घरात यावा याचे सगळ्यात मोठे कारण क जीवनसत्त्व. शंभर ग्रॅम गरात, म्हणजे तीन-चार फोडींत, ते साधारण ३५ ते ५० मिलिग्रॅम असते. बाईची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. डाळ, हरभरे, मेथी, चवळी, बाजरी यांतले लोह शरीराला सहज घेता येत नाही, क जीवनसत्त्व बरोबर असले की ते जास्त प्रमाणात शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एकीपेक्षा जास्त. तेव्हा अननस संध्याकाळी नुसता खाण्यापेक्षा भाकरी-भाजीच्या जेवणाबरोबर खा, आणि जेवणानंतर लगेच घेतला जाणारा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा लोहाला अडवतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सोडायच्या नाहीत. लिंबू, पेरू, आवळा यांचाही हाच उपयोग आहे आणि पेरू-आवळ्यात क जीवनसत्त्व अननसापेक्षा जास्त, हेही सांगितले पाहिजे.

इथे एक जुनी भीती आडवी येते. गरोदर बाईने अननस खाल्ला तर पोट पडते, असे घरोघरी सांगतात. जेवणात खाल्ल्या जाणाऱ्या पिकलेल्या अननसाच्या फोडींनी गर्भपात होतो याला पुरावा नाही. आयांनी-आज्यांनी काळजीपोटी सांगितले असेल, पण तपासून पाहिले तर ते टिकत नाही. उलट रक्त कमी असलेल्या गरोदर सुनेचे फळ त्यापायी बंद होते. कच्चा अननस मात्र कोणीच खाऊ नये, त्याने घसा खवखवतो, उलट्या-जुलाब होतात. याची दुसरी बाजू जास्त घातक आहे. पाळी चुकली म्हणून काही मुली गुपचूप अननस खात बसतात. त्याने काही होत नाही, फक्त दिवस निघून जातात. त्यांनी वेळेवर आशाताईला किंवा सरकारी दवाखान्यात सांगावे.

मधुमेह असलेल्यांनी दोन-तीन फोडी, त्याही जेवणाबरोबर, खायला हरकत नसते. रस काढून पिऊ नये, रसात चोथा जातो आणि साखर झपाट्याने चढते. आम्लपित्त किंवा तोंड आलेले असेल तर बरे वाटेपर्यंत थांबावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. लहान मुलांना बारीक तुकडे द्या, दांडा चघळायला देऊ नका, घशात अडकतो.

फ्रिज नसेल तर माणसे मोजून अननस कापा. कापलेला गर झाकून ठेवला तरी दोन तासांत संपवावा, एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात. उरलाच तर साखर घालून शिजवून टाका. चौघांच्या घराला एक अननस मोठा होतो, तेव्हा शेजारणीबरोबर अर्धा-अर्धा घेतला तर पैसेही वाचतात आणि शिळेही राहत नाही.

कटरही तसाच. वर्षातून दोन-चार अननस खाणाऱ्या घराने त्यासाठी पैसे घालू नयेत, सुरी पुरे आहे. पण चाळीत चार घरांत मिळून, किंवा बचत गटाने, किंवा १४ एप्रिलला शिरा वाटणाऱ्या विहाराच्या महिला मंडळाने एक घेतला तर तो वसूल होतो. घ्यायचा तर स्टीलचा, मूठ निघणारा घ्या. प्लॅस्टिकचे पाते चार-सहा अननसांत बोथट होते. वापर झाला की लगेच धुवा. रस वाळला की पात्याच्या वळणात चिकटतो आणि मुंग्या लागतात. नळीच्या आतून बाटली धुण्याचा ब्रश फिरवा, पुसून पूर्ण कोरडा करा आणि दात्यांना जाड कापड गुंडाळून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा.