बीज आणि क्षेत्र : मानवी प्रजननसंस्था व तिच्याविषयीच्या सांस्कृतिक धारणा

प्रास्ताविक

वसई-विरारची दाट नागरी वस्ती मागे टाकून पालघर जिल्ह्याच्या अंतर्भागात गेले, की वारली पाडे लागतात. तेथे लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्याच्या मध्यभागी सुफलनाची देवता पालघट रेखाटतात. तिच्या साक्षीवाचून विवाह होत नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात ज्या आदिमातेचा शोध घेतला, तिची पूजाही सर्जनेंद्रियाच्या प्रतीकांतूनच झालेली आहे. अशी परंपरा लाभलेल्या समाजात प्रजननसंस्थेचा पाठ आला, की वर्गात खाली माना जातात आणि पुष्कळदा अध्यापकही तो ‘घरी वाचा’ असे सांगून मोकळे होतात. सर्जनाची पूजा आणि सर्जनेंद्रियाविषयी मौन, ही विसंगती कशी निर्माण झाली? प्रस्तुत लेखात तिचे एक मूळ ‘बीज-क्षेत्र’ या रूपकात शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

रूपकाचे स्वरूप

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले असून बीजाचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले आहे. आयुर्वेदाने शुक्र व आर्तव या दोहोंच्या संयोगातून गर्भ मानला. तथापि लोकव्यवहारात रुजले ते शेताचेच रूपक. ‘वांझ’ हा शब्द झाडाला, गुराला आणि स्त्रीला लावला जातो. पुरुषासाठी ‘नपुंसक’ हा शब्द आहे खरा, पण तो असमर्थतेचा वाचक आहे, अपत्यहीनतेचा नव्हे. मुलीला प्रथम न्हाण आले, की तिला मखरात बसवून गोडधोड करण्याची चाल होती. पुढे मात्र दरमहा तिलाच ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसविले जाई. शेत पेरणीयोग्य झाल्याचा आनंद साजरा होई, पण त्याच देहाचा नित्यधर्म विटाळ ठरे.

शरीरशास्त्राची साक्ष

हे रूपक केवळ आपल्याकडचेच होते, असे नाही. १६७७ मध्ये लेव्हेनहुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिल्यानंतर त्यात एक संपूर्ण सूक्ष्म मानव दडलेला असतो, अशी कल्पना युरोपातील काही अभ्यासकांनी केली. सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजाचा शोध फोन बेअर यांनी १८२७ मध्ये लावला आणि ‘क्षेत्रा’चेही स्वतःचे बीज असते, हे सिद्ध झाले. मानवी स्त्रीबीजाचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. गर्भाला माता व पिता यांच्याकडून प्रत्येकी २३ गुणसूत्रे मिळतात. त्याखेरीज पेशीद्रव्य आणि पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका जवळजवळ सर्वस्वी मातेकडूनच येतात.

गर्भधारणेच्या अपेक्षेने गर्भाशयाचे अंतःस्तर दरमहा जाड होते. गर्भधारणा न झाल्यास संप्रेरकांची पातळी उतरते आणि ते अंतःस्तर रक्तासह बाहेर पडते. यालाच आपण पाळी म्हणतो. त्यात अपवित्र असे काहीच नाही.

अपत्याचे लिंग शुक्रजंतूतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर अवलंबून असते, हे नेटी स्टीव्हन्स व ई. बी. विल्सन यांच्या १९०५ च्या संशोधनातून स्पष्ट होत गेले. वंध्यत्व असलेल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो.

रूपकाची किंमत

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पेरावे तेच उगवते, हे शेतकरी जाणतो. रूपक प्रामाणिकपणे पाळले असते, तर मुलगी झाल्याचा ‘दोष’ बीजाकडे गेला असता. प्रत्यक्षात श्रेय बीजाला आणि दोष क्षेत्राला, अशी वाटणी झाली. याची परिणती आकड्यांत दिसते. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे शून्य ते सहा वयोगटातील मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम, १९८८ मध्येच, कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे आहे. तेथील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही आणि आरोग्यसेवा अपुरी, ही त्यामागील कठोर आर्थिक वास्तवता होय. परंतु ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हा विचार इतक्या सहजपणे पटतो, याचे कारण रूपकात आहे. पीक निघाले, की शेताची गरज संपते! वस्तुतः शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

मौन मोडणारा प्राध्यापक

हे अज्ञान दूर करू पाहणारे र. धों. कर्वे हे पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्वे यांना दंड झालाच. पुढे २००७ मध्ये राज्यातील शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमही विरोधापोटी थांबविण्यात आला. प्रश्न विचारणारे विद्यार्थी मात्र तेव्हाही होते आणि आजही आहेत.

समारोप

परंपरेत सर्जनाविषयी आदर आहे. उणीव आहे ती अचूक माहितीची आणि अवयवांना संकोचाविना नाव देणाऱ्या भाषेची. पालघटचा चौक लिहिणाऱ्या हातांना सर्जनाची लाज वाटत नाही. हा निःसंकोचपणा वर्गात आणणे हे केवळ जीवशास्त्र विभागाचे काम नव्हे. भाषा, इतिहास व समाजशास्त्राच्या अध्यापकांनीही ‘वांझ’, ‘विटाळ’, ‘पिशवी’ या शब्दांची चिकित्सा वर्गात केली पाहिजे. जो विद्यार्थी हे शब्द तपासून पाहील, तो उद्या आपल्या घरातील स्त्रीला नसलेल्या दोषाची शिक्षा होऊ देणार नाही.